हात लावा, सर

तुळशीरामभाऊंच्या खिशात एक जुना, जाड रुपया कायम असायचा. समोर येईल ती वस्तू ते त्या रुपयाने वाजवून बघत. माठ घेताना सगळेच वाजवून घेतात, टरबूजही घेतात; पण हा माणूस दारं वाजवायचा, फरशा वाजवायचा, माझं नवंकोरं हेल्मेटसुद्धा त्याने सोडलं नाही. एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये नवं टेबल आलं आणि त्यावर काच बसवायला भाऊंना बोलावलं. काच ठेवण्याआधी त्यांनी तीन ठिकाणी टकटक केलं आणि प्राचार्यांच्या देखत शांतपणे म्हणाले, "इथलोग चांगलं आहे. इथून पुढं पोकळ आहे." प्राचार्यांनी हसण्यावारी नेलं. पावसाळ्यात टेबलाचा नेमका तोच कोपरा फुगून वर आला.

हे मी कौतुकाने सांगतोय खरा, पण कौतुक करायचा माझा हक्क कधीच गेला, हे आधीच सांगून टाकतो. या माणसाच्या नावावर मी माझी लबाडी चढवली. चूक म्हणणार नाही, चूक नकळत होते. चढवली, आणि पुढे सहा वर्षं तिथंच राहू दिली. आता प्राचार्यांना आणि विद्यापीठाला सगळं लिहून कळवलंय. पदवी राहते की जाते ते त्यांचं त्यांनी ठरवावं. पण पत्रात भाऊ म्हणजे फक्त एक 'प्रयोगशाळा सहायक' झाले. ते तेवढेच नव्हते, म्हणून हे वेगळं लिहायला बसलो.

बुलढाण्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकलला शिकवतो. मूळचा साखरखेर्ड्याचा, म्हणजे घाटावरचा. भाऊ घाटाखालचे, वरवट बकालचे. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांची पन्नाशी उलटलेली होती. उंच, काटकुळे, कॉलर नेहमी बटण लावून बंद. बुलढाण्यात एक खोली भाड्याने घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारची बस पकडून गावी जायचे. शिक्षण दहावीपर्यंत. पण आमच्या मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमधलं कुठलं यंत्र कुठे कुरकुरतं, ते त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. पुण्याहून शिकून आलेल्या मला तर नाहीच.

माझ्या पीएच.डी.चा विषय ऐकून आमच्या घरचेसुद्धा हसले होते. समुद्रात चालणाऱ्या फायबरच्या होड्यांचा पत्रा नुसत्या काचेच्या धाग्यांऐवजी काच आणि अंबाडी असा मिसळून करायचा, आणि दगडावर, धक्क्यावर आपटला तर तो किती मार सोसतो ते तपासायचं. बुलढाण्यात रेल्वे नाही, समुद्र कुठून असणार? पण अंबाडी आमच्याकडची. भाजी खावी, उरलेल्या काड्यांचा दोर वळावा. आपल्या बांधावरची अंबाडी कोकणातल्या होडीत जाईल, या कल्पनेने मी अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो. गाईडनी कोकणातल्या एका होडी बांधणाऱ्या कारागिराशी गाठ घालून दिली. आकडे चांगले आले तर तो एक होडी बांधून बघणार होता.

मग आमच्या लॅबमध्ये समुद्र आला. निळे ड्रम आडवे कापून टाक्या केल्या, त्यात मीठ मोजून पाणी भरलं आणि वहीच्या पानाएवढ्या फायबरच्या पट्ट्या सहा महिन्यांसाठी बुडवून ठेवल्या. उन्हाळ्यात बुलढाण्याचं पाणी तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो: नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि आला तेव्हा आपण घरी नसतो. टाक्यांतलं पाणी आटलं की मीठ वाढायचं. भाऊ रोज सकाळी बोट बुडवून जिभेला लावायचे, "आज जरा जास्त झालं" म्हणायचे, आणि आपल्या खोलीवरचं पाणी कॅनमध्ये भरून सायकलवरून आणून त्यात ओतायचे. मी मीटर लावून बघायचो. मीटर भाऊंच्याच बाजूने बोलायचं. विचारलं तर म्हणाले, "समुद्र नाही पाह्यला मी. पण खारं पाणी मले नवीन नाही. आमच्या गावच्या हिरीच्या पाण्याचा चहा पिऊन पाहा एकदा."

पट्ट्या टाकीत घालतानाच त्यांनी मला सावध केलं होतं. हातातली पट्टी उलटसुलट करून बघत म्हणाले, "सर, अंबाडी पाण्यात काऊन टाकतात? सडवाले. सडली का धागा सुटते, मंग दोर होते. अन् तुमी तिलेच पाण्यात ठेवून म्हनता, सुटू नको." मी त्यांना समजावलं की धागा रेझिनच्या कडक थरात पक्का बंद आहे, पाण्याला वाट नाही. दहा मिनिटांचं व्याख्यानच दिलं म्हणा ना. त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं, तुमी शिकेल माणूस" म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी निदान चिडून पुन्हा विचार केला असता.

चाचणी दिसायला साधी. दोन उभ्या दांड्यांमधून पाच किलोचं गोल तोंडाचं वजन खाली सोडायचं. खाली चौकटीत पट्टी चार बोल्टांनी आवळलेली. किती उंचीवरून वजन पडलं की पट्टी फुटते, तो आकडा लिहायचा. बोल्ट सैल असला की पट्टी सरकते, घाव तिरपा बसतो आणि आकड्याला अर्थ राहत नाही. म्हणून भाऊंनी एक शिरस्ता घातला होता. ते पान्याने चारही बोल्ट आवळत, बाजूला सरकत आणि म्हणत, "हात लावा, सर." मग मी स्वतः चारही बोल्ट हाताने हलवून बघायचे, रजिस्टरमध्ये 'बोल्ट ४, पाहिले' असं लिहून सही करायची, आणि त्यानंतरच वजन सुटायचं. एकदा मी कंटाळून म्हणालो की भाऊ, तुम्ही आवळलेत म्हणजे झालं. त्यांनी वजन सोडलंच नाही. म्हणाले, "एका माणसाच्या हातावर भरोसा ठेवू नाही. माह्या तं बिलकुल नाही." मी हात लावला, सही केली. दर घावाला केली.

घाव बसल्यावर मी पुढून बघायचो. पुढून पट्टीवर बारीकसा पांढरा डाग, बस्स. भाऊ ती उलटी करायचे. "घाव पुढून बसते, फुटते मागून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग रुपयाने पट्टी टकटक वाजवत जायचे. ठण, ठण, आणि मध्येच बद्द. जिथे बद्द वाजेल तिथे खडूने गोल काढायचे. आतले थर जिथवर सुटले असतील तिथवर तो गोल असायचा. दोन-तीन पट्ट्या करवतीने कापून बघितल्या. गोल चुकलेला नव्हता.

सहा महिने भरले आणि पहिल्या निम्म्या पट्ट्या आम्ही टाकीतून काढून ओल्याच्या ओल्या तपासल्या. ओल्याच तपासायच्या, हा भाऊंचा आग्रह. होडी काय वाळवून समुद्रात सोडतात का, असं त्यांचं म्हणणं. कोरड्या पट्ट्या जेवढा मार सोसत होत्या त्याच्या निम्म्यालाही या टिकत नव्हत्या. खडूचे गोल पार कडेपर्यंत गेले. अंबाडीने पाणी प्यालं होतं, हे दोघांनाही कळत होतं.

मग मी काय केलं ते सांगतो. उरलेल्या पट्ट्या मी टाकीतून काढल्या आणि मे महिन्याच्या उन्हात आठवडाभर गच्चीवर वाळत घातल्या. कुरडया घालतात तशा. मग तपासल्या. आकडे बरे आले, बरेच बरे आले. भाऊंनी तेव्हाही बोल्ट आवळले, "हात लावा, सर" म्हणाले, पण वजन सोडताना माझ्याकडे बघितलं नाही. प्रबंधात मी या वाळलेल्या पट्ट्यांचेच आकडे घातले आणि वाळवण्याचा उल्लेख गाळला.

गाईड हुशार. त्यांच्या हाती पहिल्या आकड्यांचा कागद लागला होता. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसून त्यांनी मला विचारलं की हे एवढे कमी कसे? मला एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "सहायकाने बोल्ट नीट आवळले नव्हते." इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच आश्चर्य वाटलं. कॉलेजच्या तपासणीसाठी समिती यायची होती, प्राचार्य आधीच वैतागलेले. त्यांनी भाऊंना बोलावून घेतलं आणि विचारलं, तुळशीराम, बोल्ट सैल राहिले होते का?

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. पान्याची मूठ अजून त्यांच्या हातात होती, कामावरून उठून आले होते.

"सर म्हनतात तं राह्यले असतीन," ते म्हणाले. "वय झालं. हाताचा काही नेम नाही."

त्यांना लॅबमधून काढून फाटकावर बसवलं. त्याच संध्याकाळी ते किल्ल्या द्यायला माझ्याकडे आले. किल्ल्यांबरोबर ते रजिस्टर होतं. मला वाटलं, आता हा माणूस मला चार शब्द सुनावणार. त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे कपाटात नका ठेवू, सर. घरी न्या. यात दर घावापुढं तुमची सही आहे. कोनाच्या हाती लागलं तं तुमाले तरास होईन." मी ते घरी नेलं. एवढा मी निर्लज्ज. कपड्यांच्या कपाटात खाली, जुन्या चादरींच्या तळाशी ठेवून दिलं, आणि थोड्याच दिवसांत मला डॉक्टर म्हणायला लागले.

त्यानंतर मी रोज स्कूटरवरून आत जायचो आणि भाऊ खुर्चीतून उठून फाटक उघडायचे. "नमस्कार, सर." तेच बंद कॉलरचं बटण. महिनाभर मी ते सोसलं आणि मग वसतिगृहाच्या बाजूच्या मागच्या फाटकाने जायला लागलो. लांब पडायचं. बायकोने विचारलं तर रस्त्याचं काम चालू आहे म्हणालो. लॅबमध्ये नवा सहायक आला. बोल्ट आवळून तो थेट वजन सोडायचा, मला हात लावायला सांगायचा नाही, आणि माझे हात आपोआप पुढे होऊन परत यायचे. भाऊ निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या निरोप समारंभाला मी रजा टाकली.

मग कोकणातून त्या कारागिराचा फोन आला. त्याने माझ्या आकड्यांवर विसंबून एका मच्छीमाराला होडी बांधून दिली होती. दुसऱ्या मोसमात ती धक्क्याला हलकीशी आपटली. बाहेरून साधा ओरखडा, पण आतून पाणी झिरपतंय, म्हणाला. होडी काठालाच होती म्हणून माणसं वाचली. मी त्याला म्हणालो, खिशात नाणं असेल तर तळ आतून वाजवून बघा. त्याने फोन जवळ धरला असावा. बुलढाण्यात बसून मी ऐकलं. ठण, ठण, बद्द. बद्द. बद्द. मी त्याला ती होडी पुन्हा पाण्यात घालू नका म्हणालो आणि तेवढं मात्र खरं कारण सांगितलं. "तुम्हाला माहीत होतं?" एवढंच विचारून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर पिशवीत घालून बसने निघालो. खामगाव, शेगाव करत दुपारी वरवट बकालला पोचलो. भाऊ खाटेवर होते. किडन्या गेल्या होत्या. खाऱ्या पाण्याच्या त्या भागात हे दुखणं घरोघरी. अंग सुजलेलं, पण मला बघून उठायला लागले, जणू फाटकच उघडायचं होतं. त्यांच्या बायकोने, पार्वताबाईंनी, चहा आणून दिला आणि त्या आत गेल्या. मी सगळं सांगून टाकलं. होडीचं, गच्चीवरच्या पट्ट्यांचं, बोल्टांचं. रडलोही. भाऊ छताकडे बघत ऐकत राहिले.

"मले काऊन सांगता, सर? मले तं माहीतच आहे," ते म्हणाले. "ज्यायले माहीत नाही त्यायले सांगा."

मी म्हणालो, कॉलेजला सांगतो, विद्यापीठाला सांगतो. त्यांनी हात हलवला. ते मग, म्हणाले. आधी गजाननला सांगा. गजानन हा त्यांचा थोरला मुलगा. शेगावला एका दुकानात कामाला होता. लॅबमधून बाप का निघाला, ते त्याच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून घरातला पंखा असो की मोटारीचा पाइप, तो बापाला हात लावू द्यायचा नाही. रागाने नव्हे, काळजीने. बाबा, तुम्ही राहू द्या, मी करतो, असं म्हणायचा. जन्मभर पाना चालवलेल्या माणसाला सहा वर्षं घरात कोणी स्क्रूसुद्धा पिळू दिला नव्हता.

मी विचारलं की तुम्हीच का नाही सांगितलं त्याला?

"मी सांगतलं तं बहाना होईन. तुमी सांगतलं तं खरं होईन." मग म्हणाले, "संध्याकाळी येते थो. बसा."

मी तासभर बसलो. मग घड्याळाकडे बघितलं. शेगावहून पुढची बस चुकली असती, दुसऱ्या दिवशी सकाळी लेक्चर होतं, शिवाय महिन्यावर बढतीची मुलाखत आली होती. मी भाऊंना वचन दिलं की पुढच्या रविवारी येतो, गजाननला समोर बसवून सांगतो. त्यांनी "बरं" म्हटलं. माझ्या व्याख्यानानंतर म्हटलं होतं तसंच, अगदी तसंच. पुढच्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मुलाखत होऊ दे म्हटलं, मग परीक्षा होऊ देत म्हटलं. दोन महिन्यांनी गजाननचा फोन आला की बाबा गेले, तेरवी गुरुवारी आहे.

तेरवीला अंगणात मांडव होता. मी पिशवी पोटाशी धरून एका कडेला बसलो. गजानन चाळिशीचा, बापासारखाच उंच. तो पाहुण्यांमधून वाट काढत माझ्याजवळ आला, वाकला, आणि आजूबाजूच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबाच्या हातून तुमचं एवढं नुकसान झालं, सर, तरी तुमी आले. मोठेपणा तुमचा."

कोणी कानाखाली मारली असती तर मला सोपं गेलं असतं. मी पिशवीतून रजिस्टर काढून त्याच्या हातात दिलं. "बोल्ट घट्ट होते," मी म्हणालो. त्याला काही समजेना. मग मी तिथेच, मांडवात, पहिल्यापासून सांगितलं. गजानन एकेक पान उलटत होता. बोल्ट ४, पाहिले, सही. बोल्ट ४, पाहिले, सही. एका सहीवर बोट ठेवून त्याने विचारलं, ही तुमची? मी हो म्हणालो. पुढच्या पानावर पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हणालो. मग विचारणं थांबवून तो नुसतीच पानं उलटत राहिला. शेवटचं पान झाल्यावर त्याने रजिस्टर मिटलं आणि उठून आईच्या हातात नेऊन दिलं.

पार्वताबाईंना वाचता येत नाही. पण मी बोललो ते सगळं त्यांनी ऐकलं होतं. रजिस्टर मांडीवर ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. ना डोळ्यांत पाणी, ना आवाजात राग.

"मागं आले होते तुमी, तवा थे तुमाले बसा म्हनत होते," त्या म्हणाल्या. "तुमी गेल्यावर गजानन घंटाभरात आला. हे दाराकडंच पाहून राह्यले होते. थांबले काऊन नाही?"

मांडवातले सगळे माझ्याकडे बघत होते.

"बस गेली असती," मी म्हणालो.